सागवानाचं धड, शिसवाची दांडी

सेलू
२१ नोव्हेंबर २०२४

प्रिय मैत्रेयीस,

गिटार मिळाली म्हणजे हे पत्रही मिळालं, कारण ते तिच्या खोळीत आहे. ट्रॅव्हल्सच्या डिकीत मी तिला ठेवू दिलं नाही. तिचं स्वतंत्र तिकीट काढलं, सीट नंबर सात. प्रवाशाचं नाव विचारलं तेव्हा तुझं सांगितलं. तू पुण्यातच आहेस हे मला माहीत आहे, पण कागदावर तू आज रात्री सेलूहून पुण्याला जाते आहेस.

फोन का केला नाही असं तुझी आई, आमची हेमाताई, विचारील. तिला सांग, फोनवर माणूस नुसतं हो हो म्हणतो. कागदावर हो म्हणायला वेळ लागतो आणि आकडे चुकत नाहीत.

मागच्या वर्षी परभणीला तुमच्या घरी तू म्हणालीस, मामा, तुम्ही पाण्याच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देता, मला एक विजेची गिटार करून द्या. सगळे हसले. मी हसलो नव्हतो, हे तुझ्या लक्षात असेल.

वाजवण्याआधी पुढचं वाच. धड सागवानाचं आहे, दांडी शिसवाची. सागवान गंभीर लाकूड आहे, बोटानं ठोकलं की खाली बघून बोलतं. शिसव तापट. वरच्या सुरात टण्ण करून उत्तर देतं. अशी दोन माणसं एका घरात नांदवायची तर मधे कुणीतरी समजूतदार लागतं, आणि ते काम पिकअपचं. तारांखाली जे दोन चपटे डबे आहेत ते पिकअप. तार हलली की ते तिची वीज करून अँप्लिफायरला देतात. तुला हे माहीत आहे, पण हेमाताईनं पत्र वाचलं तर तिलाही कळावं.

तयार पिकअप आणून बसवणं म्हणजे शर्ट विकत घेऊन मग त्याच्या मापाचा माणूस शोधणं. मी दोन्ही पिकअप हातानं भरले. एका कॉईलचा पिकअप आमच्याकडे चाललाच नसता. कापसाचा सीझन आहे, जिनिंगच्या मोटारी दिवसरात्र सुरू आहेत, हवेतच विजेची घूं आहे. म्हणून हमबकर. एका डब्यात दोन कॉईल शेजारी शेजारी, एकीचं वाईंडिंग सुलटं, दुसरीचं उलटं, आणि चुंबकही तसेच उलटसुलट. बाहेरची घूं दोघींत शिरते आणि आपसांत भांडून मरते. तारेचा आवाज तेवढा उरतो. हे मी मोबाईलवरच्या व्हिडिओत शिकलो. माणूस इंग्रजीत बोलत होता म्हणून आवाज बंद करून बघितलं. हात बघितले की पुरतं.

प्रत्येक कॉईलला सात हजार टर्न, म्हणजे तारेचे वेढे, आहेत. तार शेचाळीस गेजची, केसाहून बारीक. व्हिडिओवाला पाच हजारांवर थांबतो. त्याच्याकडे शिसव नसणार. पाच हजारांवर शिसवाचा वरचा सूर कानात खुपत होता. टर्न वाढवले की तो बसतो. सहा हजारांवर थोडा बसला, सातवर शहाणा झाला.

१५ फेब्रुवारीला तुझ्या स्वतःच्या गाण्यांचा पहिला कार्यक्रम आहे आणि त्यात ही गिटार वाजवीन असं तू म्हणाली आहेस. मी कुणाला बोललो नाही. फक्त बन्सीधरला सांगितलं. बन्सीधर म्हणजे माझ्या दुकानाशेजारचा मंडप डेकोरेशनवाला. सध्या अकरा लोकांनी रेल्वेच्या रिझर्व्हेशनला नावं दिली आहेत.

आशीर्वाद.

तुझा,
महारुद्रमामा

*

पुणे
३० नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप महारुद्रमामा,

नमस्कार. तुमच्यामुळे मीही कागदावर लिहितेय. अक्षराला हसू नका, दहावीनंतर पहिल्यांदाच एवढं लिहिलंय.

गिटार सुखरूप पोचली. ड्रायव्हरनं विचारलं, मैत्रेयी तुम्हीच का? हो म्हटल्यावर म्हणाला, रात्रभर लय शांत बसल्या होत्या.

दिसायला ती इतकी देखणी आहे की घरी येणारं प्रत्येक माणूस आधी तिच्याकडे जातं, मग माझ्याकडे. शिसवाच्या रेघा दांडीवरून सरळ कशा धावतात हे मी सगळ्यांना दाखवते. पडद्यांच्या, म्हणजे फ्रेट्सच्या, कडा तुम्ही इतक्या घासल्या आहेत की हात कुठं अडत नाही. वजन जरा जास्त आहे, खांद्याला सवय होईल.

आवाज भारदस्त आहे. खूप भरलेला. इतका भरलेला आवाज मी आजवर ऐकला नव्हता. थोडासा मोकळा करता येईल का, असं एकदा मनात आलं. अगदी थोडा.

आमच्या बँडमध्ये नचिकेत ड्रम वाजवतो आणि साऊंडचंही तोच बघतो. विजेच्या गिटारला लाकडानं काही फरक पडत नाही असं तो म्हणतो. तो बऱ्याच गोष्टींबद्दल असं म्हणतो, तुम्ही मनावर घेऊ नका. मामींना नमस्कार.

तुमची,
मैत्रेयी

*

सेलू
८ डिसेंबर २०२४

प्रिय मैत्रेयीस,

पत्र मिळालं. ‘इतका भरलेला आवाज मी आजवर ऐकला नव्हता’ ही ओळ बन्सीधरला दोनदा वाचून दाखवली. तिसऱ्यांदा त्यानं स्वतः वाचली. आता रिझर्व्हेशनची नावं सतरा झाली आहेत.

नचिकेत या इसमाबद्दल. त्याला विचार, तुझ्या ड्रमचं लाकूड काढून तिथं पुठ्ठा लावला तर चालेल का. मी दुकानाच्या छताला दोरीनं पाच फळ्या टांगल्या होत्या. गिऱ्हाईक मोटार घेऊन आलं की आधी त्याला फळ्या ठोकून ऐकवायचो, मग मोटार बघायचो. बाभळीची फळी ऐकून झरीचा एक शेतकरी म्हणाला, ही लय हट्टी हाय, गाडीच्या आसालाच बरी. त्यानं आयुष्यात गिटार पाहिलेली नाही. कडुनिंबाचा आवाज बरा होता, पण तुझी मामी सविता म्हणाली, घरात कडू बोलणारं एक माणूस पुरे. आंब्याला कीड निघाली. राहिले सागवान आणि शिसव. लाकडानं फरक पडत नाही म्हणणाऱ्यानं एकदा सेलूला यावं, जेवायला घालून फळ्या ऐकवीन.

आवाज थोडा मोकळा हवा म्हणतेस, तर तुझी वायर खराब असणार. तिकडे बारीक तांब्याच्या वायरी जाड रबरात घालून विकतात. वायर बदल. वजनाचं म्हणशील, तर हलका सागवान मिळतो, पण तो सागवान नसतो.

तुझा,
महारुद्रमामा

*

पुणे
२२ डिसेंबर २०२४

तीर्थरूप मामा,

मागच्या पत्रात मी आडून बोलले, ते चुकलं. आता सरळ लिहिते.

मागच्या आठवड्यात पहिली पूर्ण तालीम झाली. गिटारचा आवाज मोठा येतो, पण तारा वेगळ्या ऐकू येत नाहीत. सहाही छेडल्या की एकच जाड आवाज होतो, गोधडीतून कुणी बोलावं तसा. त्यावर मी गायले की माझे शब्दही त्यात बुडतात. वायर नवी आणली. तीच वायर माझ्या जुन्या, कारखान्यातल्या गिटारला लावली की सगळं नीट. नचिकेतनं दुसरा अँप्लिफायर आणून पाहिला, बटणं सगळीकडे फिरवली. तेच.

या गाण्यांत शब्दच आहेत, मामा. माझा गळा काही फार मोठा नाही. शब्द पोचले नाहीत तर माझ्याकडे दुसरं काही नाही. त्यामुळे १५ तारखेला मला जुनी गिटार घ्यावी लागेल असं दिसतंय. तुम्ही वर्ष घातलंत तिच्यात, आणि हे मी तुम्हाला लिहितेय. चार दिवस हा कागद टेबलावर पडून होता.

एक विचारायचं होतं. सात हजार टर्न बरोबर आहेत हे तुम्ही कशावर ऐकून ठरवलं?

तुमची,
मैत्रेयी

*

सेलू
१२ जानेवारी २०२५

चि. मैत्रेयी यांस,

आपलं २२ तारखेचं पत्र पोचलं. हा मोटारी जळण्याचा काळ असल्यानं उत्तराला उशीर झाला. दुसरं काही कारण नाही.

‘गोधडी’ हा शब्द वाचला.

आवाज कशावर ठरवला असं आपण विचारलं आहे. लपवण्यासारखं काही नाही. बन्सीधरकडे अडीचशे वॅटचा अँप्लिफायर आणि चार भोंगे आहेत. त्यातला सगळ्यात चांगला भोंगा माझ्या दुकानाच्या पत्र्यावर, स्टेशनकडे तोंड करून, वर्षभर बांधलेला होता. प्रत्येक कॉईल त्याच्यावर ऐकूनच पुढं गेलो. याच भोंग्यावर लग्नातला आहेर पुकारतात. कुणी पाच भांड्यांचा सेट दिला आणि कुणी नुसतं टॉवेल-टोपीवर भागवलं, हे शब्दन् शब्द रुळापलीकडं ऐकू जातं. त्यामुळे शब्द पोचत नाहीत ही तक्रार मला समजली नाही.

पाच हजार टर्नवर गिटार त्यातून अशी किंचाळली होती की मोंढ्याच्या बाजारात कापूस घेऊन आलेला एक बैल खाली बसला. सात हजारांवर कुठल्याही बैलानं हरकत घेतली नाही. उलट स्टेशनवरची माणसं विचारत यायची की कोण वाजवायलंय. एवढी माणसं चुकीची आणि एक गोधडी बरोबर, हे आपणच ठरवावं.

१५ तारखेला आपण योग्य वाटेल ती गिटार घ्यावी. मी कुणाला रिझर्व्हेशन रद्द करायला सांगितलेलं नाही. कार्यक्रमाबद्दल कुणी विचारलंच तर आपल्याला सर्दी झाली आहे असं सांगतो.

कळावे.

महारुद्र

ता. क. मी मामी. पाकीट चिकटवायच्या आधी लिहायलेय. ‘आपण’ वाचून घाबरू नको, माझ्याशी पण चार दिवस आपणच चालू होतं. जेवायलेत नीट. फक्त त्या टांगलेल्या फळ्या काढून कोपऱ्यात उभ्या केल्यात आणि गिऱ्हाईकानं विचारलं तर नुसतं लाकूड म्हणतात.

*

पुणे
१७ जानेवारी २०२५

तीर्थरूप मामा,

मला ‘तू’ म्हणा. ‘आपण’ वाचताना मला सारखं वाटत होतं की पत्र माझ्या कंपनीतल्या कुणाला आलंय.

तुमचं पत्र घेऊन मी नचिकेतकडे गेले. भोंग्याचं वाचलं आणि तो उठून उभा राहिला. भोंगा मधला आणि वरचा आवाज फेकतो, खालचा सूर त्यातून बाहेरच पडत नाही. आहेर पुकारायला त्याची गरजही नसते. म्हणजे मामा, सागवानाचं ते खाली बघून बोलणं तुम्हाला फळीत ऐकू आलं, पण गिटारमध्ये भोंग्यानं कधी ऐकूच दिलं नाही. वर्षभर तुम्ही फक्त शिसव ऐकत होता. ते खुपतंय म्हणून टर्न वाढवत गेलात, वाढवत गेलात, ते गप्प होईपर्यंत. इकडे नीट अँप्लिफायरवर लावली की सागवान पूर्ण बोलतं आणि शिसवाचं तोंड बांधलेलं असतं. मला असं समजलंय. चूक असेल तर सांगा.

नचिकेत म्हणाला, लाकडाचा काही संबंध नाही, नुसते टर्न जास्त झालेत. त्याला मी बाहेर चहा आणायला पाठवलं.

हे कागदावर पटायचं नाही, मलाही पटलं नसतं. म्हणून माझा अँप्लिफायर आणि गिटार दोन्ही आज पाठवतेय. दोन तिकिटं काढलीत, अँप्लिफायर नचिकेतच्या नावानं बसलाय. तुम्ही ऐका. ऐकून तुम्हाला वाटलं की ही बरोबर आहे, तर नुसतं तेवढं कळवा. १५ तारखेला मी हीच वाजवीन, आहे तशी. पुन्हा एक शब्द विचारणार नाही.

तुमची,
मैत्रेयी

*

सेलू
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय मैत्रेयीस,

अँप्लिफायर मिळाला. आधी खोलून पाहिला. दोष नाही. एक सोल्डर कच्चं होतं, ते पक्कं करून दिलं आहे.

मोंढा बंद होता त्या दिवशी शटर अर्धं ओढून बसलो. मी, बन्सीधर, आणि डबा घेऊन आलेली सविता. मी सहाही तारा छेडल्या. मग एकेक छेडली. मग पुन्हा सहा. शेवटी बन्सीधर म्हणाला, ‘अँप्लिफायर बिघडलेला हाय. तसं कळवून टाक पोरीला.’

त्यानं मला वाट काढून दिली होती. पण अँप्लिफायर मी स्वतः तपासलेला होता, त्यामुळे ती घेता आली नाही.

तू लिहिलं होतंस की मी बरोबर म्हटलं तर आहे तशी वाजवीन. तसा एका ओळीचा कागद मी त्या दिवशी लिहिला. पाकिटावर पत्ताही घातला. ते पाठवलं असतं तर गिटार स्टेजवर गेली असती, सेलूच्या सतरा माणसांनी टाळ्या वाजवल्या असत्या, आणि तू शब्द बुडवून गायली असतीस. पाकीट दोन दिवस दुकानात पडून होतं. मोटारीचं गिऱ्हाईक आलं की ते मीटरखाली सरकवायचो. मग चुलीत घातलं.

गोधडी हा शब्द बरोबर आहे. दोन पदरी.

इतकी बारीक तार उलगडायला गेलं की तुटते, म्हणून टर्न काढून टाकता येत नाहीत. चारही कॉईल ब्लेडनं कापल्या आणि साडेचार हजारांपासून पुन्हा सुरुवात केली. अडचण ही की थांबायचं कुठं ते सांगणारा माझा कान वर्षभर भोंग्याकडं कामाला होता. त्याच्यावर एवढ्यात विश्वास टाकता येत नव्हता. सविता तुझी गाणी मोबाईलवर ऐकून भाकरी करताना म्हणत असते. तेव्हा असं ठरलं की मी तारा छेडायच्या आणि तिनं तुझं गाणं म्हणायचं. आधी लाजली. बन्सीधरला बाहेर बसवलं तेव्हा म्हणाली.

साडेचारवर ती म्हणाली, पत्र्यावर भांडं पडल्यागत वाटायलंय. सहावर तिचं गाणं मलाच ऐकू येईना. मग मधल्या कॉईल भरल्या. रोज एक जोडी व्हायची, कारण माझा हात घाईत चालत नाही आणि मी चालू देत नाही. पाच हजार दोनशेवर तिचं पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, आणि तिसऱ्याच्या मध्ये ती थांबली.

‘हात लावू नका आता,’ म्हणाली. ‘हिच्यात पोरीला गायला जागा हाय.’

तिथं थांबलो. दांडीजवळच्या पिकअपला पाच हजार दोनशे, तारा खाली जिथं टेकतात त्या घोडीजवळच्याला दीडशे वर, कारण घोडीजवळ तार कमी हलते. व्हिडिओवाला पाच हजारांवर थांबतो हे खरं आहे, पण त्याच्याकडे सागवान नाही. त्याचे दोनशे कमी पडतात.

गिटार आणि अँप्लिफायर आज निघाले. वाजवून बघ. जुनी गिटार घ्यावीशी वाटली तर घे. या वेळी मी मनापासून म्हणतो आहे. सर्दीचं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तुझा,
महारुद्रमामा

*

पुणे
६ फेब्रुवारी २०२५

मामा,

मिळाली. वाजवली. नचिकेतनं ड्रम सोडून पहिल्यांदा पूर्ण गाणं ऐकलं.

या. सतराही या. मामींना पुढच्या रांगेत बसवते.

मैत्रेयी

*

सेलू
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय मैत्रेयीस,

कार्यक्रमानंतर तुझ्याभोवती गर्दी होती आणि आमची गाडीची वेळ झाली होती, म्हणून नीट बोलता आलं नाही. काही गोष्टी सांगायच्या राहिल्या.

तिसऱ्या गाण्याआधी तू गिटार खुर्चीला टेकवून पाणी प्यायलीस. खुर्ची प्लॅस्टिकची होती. तसं टेकवू नये, दांडीवर जोर येतो. पाचव्या गाण्याला खालून दुसरी तार उतरली होती, ते तुझ्या लक्षात आलं आणि तू गाता गाता चढवलीस, हे बरं केलंस. नचिकेत भेटला. मुलगा वाईट नाही. त्याला फळ्यांचं बोलावणं दिलं आहे, मे महिन्यात येतो म्हणाला.

बन्सीधरचं मत असं की सेलूत ती जास्त खणखणीत वाजत होती. हे त्यानं गाडीत सगळ्यांना सांगितलं. निम्म्यांना पटलं.

माझ्या डाव्या हाताला पुण्याच्या एक बाई होत्या, वयानं हेमाताईएवढ्या. दुसऱ्या गाण्याला त्यांनी चष्मा काढून पुसला. गाणं संपल्यावर मी त्यांना विचारलं, गिटारचा आवाज कसा वाटला. त्या म्हणाल्या, ‘गिटार होती का? मी शब्दच ऐकत होते.’ मी सांगितलं की होती, आणि धड सागवानाचं आहे. त्यांनी मान हलवली. पुढचं गाणं सुरू झालं म्हणून दांडीचं सांगायचं राहिलं.

मला त्याचा राग आला होता. वर्षभराचं काम शेजारी बसून ऐकलं आणि बाईला ते दिसलंही नाही. मनमाडपर्यंत राग होता. मनमाडला चहा घ्यायला उतरलो, तेव्हा सविता म्हणाली, ती बाई रडली कशानं मग. मी म्हटलं, शब्दांनी. ती म्हणाली, मग झालं की. आणि माझ्या हातातला चहा घेऊन डब्यात जाऊन बसली. मी दुसरा घेतला. तेवढ्या वेळात विचार केला आणि तिच्या म्हणण्यात चूक सापडली नाही.

आता कामाचं. दुसऱ्या गिटारसाठी लाकूड आणलं आहे. शिवणीच्या झाडाची फळी, राणीसावरगावहून. हलकं लाकूड आहे, रंग फिकट. बाकीच्या फळ्या पुन्हा छताला लावल्या आहेत, त्यांच्याशेजारी हीही दोरीला टांगली आहे, पण अजून बोट लावलेलं नाही. दोन दिवस रजा काढून ये. मी ठोकीन, तू ऐक, मामीही ऐकेल. तोपर्यंत या लाकडाबद्दल मी मत बनवलेलं नाही. लोक विचारायलेत, मी माहीत नाही असं सांगतो.

तुझा,
महारुद्रमामा